एनिग्माच्या इतक्या किल्ल्या असूनही ती फुटली कशी? गुप्तलेखनाची ओळख आणि थोडा इतिहास

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्रिप्टोग्राफी म्हणजे नेमके काय, इतिहासात तिच्यामुळे खरेच काही घडले का, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य निरोप झाकायला वापरत असलेल्या एनिग्मा यंत्राच्या किल्ल्यांची (म्हणजे यंत्र लावायच्या गुप्त मांडण्यांची) संख्या इतकी अफाट होती तर ते यंत्र फुटले कसे? शेवटच्या भागापासून सुरुवात करतो. तो समजला की बाकीचे दोन सोपे होतात.

आधी आकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धात जर्मन भूदलाच्या एनिग्मात 5 पैकी 3 चक्रे निवडून ओळीने बसवायची, त्याचे 60 प्रकार. तीन चक्रांच्या सुरुवातीच्या जागा 26 × 26 × 26, म्हणजे 17,576. प्लगबोर्डावर 10 वायरींनी अक्षरांच्या जोड्या लावायचे प्रकार 15,07,38,27,49,37,250. सगळ्यांचा गुणाकार केला की जवळपास 16 वर 19 शून्ये इतक्या किल्ल्या होतात. आता दुसरा आकडा पाहा. रोमन लिपीतल्या प्रत्येक अक्षराऐवजी दुसरे कोणतेही एक अक्षर लिहायचे, इतकीच साधी लिपी घेतली तर तिच्या किल्ल्या 4 वर 26 शून्ये भरतात, म्हणजे एनिग्माच्या सुमारे 25 लाख पट. तरीही पानभर मजकूर मिळाला तर ही लिपी शाळकरी मूल कागद-पेन्सिल घेऊन एका दुपारी फोडते.

किल्ल्यांची संख्या एवढेच सांगते की एकेक किल्ली लावून बघणे परवडणार नाही. पण लिपी फोडणारा तसे करतच नाही. तो आधी मोठ्या कोड्याचे असे तुकडे पाडता येतात का हे बघतो, की एकेक तुकडा स्वतंत्रपणे तपासता येईल. शतकानुशतके लिप्या याच वाटेने फुटत आल्या. ही वाट बहुतेक वेळा वापरणाऱ्यांच्या सवयींनीच उघडून दिली.

आता शब्द स्पष्ट करून घेऊ. निरोप आहे हेच लपवणे, म्हणजे अदृश्य शाईने लिहिणे किंवा चित्रात मजकूर दडवणे, हा वेगळा प्रकार. क्रिप्टोग्राफीत निरोप उघड जातो, अर्थ मात्र झाकलेला असतो. त्यातही 'कोड' शब्दांवर चालतो: छापील पुस्तक बघून 'राजदूत' या शब्दाऐवजी एक ठरलेला आकडा लिहायचा. 'सायफर' अक्षरांवर किंवा आता बिटांवर, म्हणजे संगणकाच्या 0 आणि 1 या अंकांवर, चालतो. सायफरचे दोन भाग असतात, पद्धत आणि किल्ली. मुलांच्या 'च'च्या भाषेत 'तुला'चे 'चलातु' होते, तिथे फक्त पद्धत आहे. युक्ती कळली की सगळे कळले. किल्ली बदलता येते, पद्धत बदलणे महाग पडते. म्हणूनच ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 साली लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना आग्रह धरला की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. आजची प्रत्येक चांगली प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे.

मोडी ही गुप्त लिपी होती, असे आपल्याकडे वारंवार वाचायला मिळते. मोडी झरझर लिहिण्यासाठीची लिपी होती आणि दप्तरातला प्रत्येक कारकून ती वाचत असे. तिला किल्लीच नव्हती, म्हणून ती सायफर ठरत नाही. भारतीय परंपरेत गुप्तलेखनाचा उल्लेख हवा असेल तर तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, जिथे हेरांच्या बातम्या संज्ञालिपीने पोचवायला सांगितले आहे. वात्स्यायनाच्या 64 कलांच्या यादीतही 'म्लेच्छितविकल्प' आहे.

तुकडे पाडणे म्हणजे काय, ते मराठीतच करून पाहू. समजा, कोणी व्यंजने बदलली आणि काना-मात्रा व शब्दांमधली जागा तशीच ठेवली. हाती ओळ आली: 'लाझा घढाशल आळे'. शेवटचा शब्द म्हणजे सुटा 'आ', एक व्यंजन आणि त्यावर एक मात्रा. मराठी वाक्याच्या शेवटी असा शब्द बहुधा 'आहे' किंवा 'आले' असतो. मधल्या शब्दाचा शेवट काना आणि मग दोन सुटी व्यंजने असा आहे. मराठीत ही '-ावर'ची ठेवण फार आढळते. म्हणजे श हा व आणि ल हा र. इथे एक गोष्ट लक्षात येते: व नंतर श येतो, र नंतर ल येतो, दोन्ही अक्षरे वर्णमालेत एकेक घर पुढे सरकली आहेत. उरलेली एकेक घर मागे आणून बघा. झ चा ज, घ चा ग, ढ चा ड, ळ चा ह. 'राजा गडावर आहे.' 'आले' की 'आहे' हा संशयही आपोआप मिटला. तीसपेक्षा जास्त व्यंजनांच्या अदलाबदलीच्या किल्ल्या मोजायला गेलात तर आकडा एनिग्माच्याही कितीतरी पुढे जातो, पण त्यातली एकही 'लावून' बघावी लागली नाही.

इथे घात केला तो उघड्या राहिलेल्या मात्रांनी आणि शब्दांमधल्या जागांनी. सुधारणा करायची तर मात्रांनाही स्वतंत्र चिन्हे द्या, जागा काढून पाच-पाच चिन्हांचे गट पाडा. तरीही वारंवारिता उरते. कोणत्याही भाषेत काही अक्षरे भरपूर येतात, काही क्वचित. मराठीत काना सर्वांत पुढे, र, त, ल, य हेही वरच्या रांगेत. चिन्हे मोजून त्यांची अशी जोडी लावण्याची रीत बगदादच्या अल-किंदी यांनी नवव्या शतकातच लिहून ठेवली. इंग्रजीत साधी अदलाबदल असेल तर उत्तर एकमेव ठरायला तत्त्वतः 30 च्या आसपास अक्षरे पुरतात. हाताने आरामात सोडवायला दोन-तीनशे असावीत.

यावर युरोपातल्या दरबारांनी काढलेला तोडगा म्हणजे अक्षरांची चिन्हे, काही शब्दांची चिन्हे आणि मध्येच पेरलेली निरर्थक चिन्हे असे मिश्रण. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत असताना अँथनी बॅबिंग्टनशी अशाच लिपीत पत्रव्यवहार करत होती. चिठ्ठ्या बिअरच्या पिंपाच्या बुचातून आत-बाहेर जात. निरोप्या गिल्बर्ट गिफर्ड मुळात एलिझाबेथ राणीचा मंत्री आणि हेरप्रमुख सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅमचा माणूस होता. प्रत्येक चिठ्ठी आधी वॉल्सिंगहॅमचा लिपितज्ज्ञ थॉमस फेलिप्स उघडायचा, उकलायचा, पुन्हा बंद करून पुढे धाडायचा. जुलै 1586 मध्ये एलिझाबेथ राणीच्या खुनाच्या कटाला मेरीने दिलेले उत्तर त्याच्या हाती आले. त्याने त्याच लिपीत तळाशी एक खोटी ओळ जोडली आणि खून करणाऱ्या सहा जणांची नावे मागितली. 8 फेब्रुवारी 1587 ला फॉदरिंगे इथे मेरीचा शिरच्छेद झाला.

हे प्रकरण शिकवताना मी एका मुद्द्यावर नेहमी थांबतो. लिपी कच्ची होती हे तर खरेच. पण त्या लिपीवर मेरी आणि बॅबिंग्टन यांचा विश्वास इतका होता की एरवी आडवळणाने लिहिल्या असत्या त्या गोष्टी त्यांनी उघड लिहिल्या. शिवाय पत्र खरोखर त्याच माणसाने लिहिले आहे का, मध्ये कोणी काही जोडले का, हे तपासायची सोय त्या लिपीत नव्हती. गुप्तता आणि अस्सलपणा या दोन वेगळ्या गरजा आहेत. आजच्या प्रणालींत दुसरीसाठी डिजिटल सही किंवा प्रमाणीकरणाचा शिक्का वेगळा लावतात तो यासाठीच. मेरीची कहाणी अजून संपलेली नाही: 1578 ते 1584 दरम्यानची तिची 57 पत्रे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात भलत्याच नोंदीखाली पडून होती. जॉर्ज लास्री, नॉर्बर्ट बिअरमान आणि सातोशी तोमोकियो यांनी ती संगणकाच्या मदतीने उकलून 2023 मध्ये प्रसिद्ध केली.

पुढची तीन शतके एकाच मजकुरात अनेक वर्णमाला आलटून-पालटून वापरणाऱ्या विजनेर पद्धतीचा दबदबा होता. किल्लीचा शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे मजकुरात काही तुकडे ठरावीक अंतराने जसेच्या तसे उमटतात, आणि त्या अंतरांच्या सामाईक विभाजकातून किल्लीची लांबी कळते. फ्रीडरिक कासिस्की यांनी ही रीत 1863 साली छापली, चार्ल्स बॅबेज त्याआधीच तिथे पोचले होते. लांबी कळली की मजकूर तितक्या साध्या लिप्यांत विभागला जातो. पुन्हा तुकडेच.

पहिल्या महायुद्धातली झिमरमान तार (झिमरमान हे जर्मन परराष्ट्रमंत्री) कोडपुस्तकाच्या वर्गातली. जर्मनीने 16 जानेवारी 1917 ला मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीचा प्रस्ताव पाठवला. वॉशिंग्टनच्या जर्मन वकिलातीने तोच मजकूर पुढे मेक्सिकोला पाठवताना जुन्या, ब्रिटिशांना बराचसा अवगत असलेल्या कोडमध्ये घातला. ब्रिटिशांनी मेक्सिकोतली प्रत मिळवली आणि आपण कोड फोडतो हे झाकून मजकूर अमेरिकेला दाखवला. 1 मार्चला तो वर्तमानपत्रांत आला, 6 एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. पाणबुड्यांचे हल्लेही कारण होतेच, पण अमेरिकी जनमत फिरवण्यात या तारेचा वाटा मोठा होता.

आता एनिग्मा. कळ दाबली की विद्युतप्रवाह प्लगबोर्डातून तीन चक्रांत जातो, टोकाच्या परावर्तकावरून परततो, वेगळ्या वाटेने चक्रांतून आणि प्लगबोर्डातून बाहेर येऊन एक दिवा पेटवतो. प्रत्येक कळीसरशी चक्र एक घर फिरते. परावर्तकाची सोय मोठी: त्याच मांडणीवर सांकेतिक मजकूर टंकला की मूळ मजकूर बाहेर येतो. पण त्याची किंमत अशी की कोणतेही अक्षर स्वतःत कधीच बदलत नाही.

पहिला घाव पोलंडने घातला. हान्स-थिलो श्मिट नावाच्या जर्मन कर्मचाऱ्याने फ्रेंचांना विकलेली कागदपत्रे वॉर्साला पोचली होती. त्यांत 1932 च्या दोन महिन्यांच्या किल्ल्या होत्या. त्यांवरून पोलिश गणितज्ञ मारियान रेयेव्हस्की यांनी डिसेंबर 1932 मध्ये चक्रांची आतली जोडणी समीकरणांनी काढली. एक अडसर शेवटपर्यंत उरला: टंकफलकाच्या वायरी पहिल्या चक्राला कोणत्या क्रमाने जोडल्या आहेत? बाजारात मिळणाऱ्या यंत्रात तो क्रम टंकफलकाचाच होता. लष्कराने साधा वर्णानुक्रम वापरला असेल, असा अंदाज रेयेव्हस्कींनी बांधला, आणि समीकरणे सुटली.

रोजची किल्ली शोधण्याची त्यांची युक्ती तर फारच सुंदर आहे. नियम असा होता की चालकाने निरोपासाठी तीन अक्षरे निवडावी आणि त्या दिवसाच्या ठरलेल्या मांडणीवर ती दोनदा टंकावी, म्हणजे वायरलेसवर गडबड झाली तरी ती कळतील. त्यामुळे प्रत्येक निरोपाचे पहिले आणि चौथे सांकेतिक अक्षर एकाच मूळ अक्षरापासून आलेले असते. समजा, एका निरोपात पहिले 'ए' आणि चौथे 'एम', दुसऱ्यात पहिले 'एम' आणि चौथे 'टी', तिसऱ्यात पहिले 'टी' आणि चौथे 'ए'. तीन अक्षरांची साखळी बंद झाली. दिवसभरात साठ-ऐंशी निरोप जमले की सगळी 26 अक्षरे अशा साखळ्यांत बसतात आणि साखळ्या समान लांबीच्या जोड्यांनी येतात. प्लगबोर्ड काय करतो? अक्षरांची नावे बदलतो. 'ए'च्या जागी 'के' आले, पण तिघांची साखळी तिघांचीच राहिली. लांब्या ठरतात फक्त चक्रांच्या क्रमावरून आणि जागांवरून. तेव्हा चक्रे तीनच होती, म्हणजे 6 × 17,576 = 1,05,456 शक्यता. प्लगबोर्डाच्या सहा जोड्यांचे 10,000 कोटींहून अधिक प्रकार हिशेबातून गळून पडले. एक लाखाची यादी करता येते. त्यांनी ती वर्षभर खपून केली, आणि मग दिवसाची किल्ली 10 ते 20 मिनिटांत सापडू लागली. एक तीन अक्षरी शब्द दोनदा टंकायची सक्ती नसती तर हे जमलेच नसते.

जर्मनांनी 1938 मध्ये नियम बदलले, चक्रे वाढवली. पोलंडकडे साधने कमी पडू लागली तेव्हा 25 आणि 26 जुलै 1939 ला वॉर्साजवळच्या पिरी जंगलात त्यांनी सारे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांसमोर मांडले. एनिग्माच्या लोकप्रिय कथांत हा प्रसंग ओळीभरात उरकला जातो, ते अन्यायाचे आहे. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या लिपी फोडण्याच्या केंद्राने जे उभारले त्याचा पाया तिथे मिळाला.

1 मे 1940 पासून अक्षरे दोनदा टंकणे बंद झाले. तोवर ब्लेचलीतले गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी वेगळी वाट तयार केली होती: निरोपात अमुक शब्द असणारच असे गृहीत धरायचे. हवामानाचे निरोप ठरल्या वेळी, ठरल्या साच्यात येत. 'वेटरफोरहेरझागे', म्हणजे हवामानाचा अंदाज, हा जर्मन शब्द 16 अक्षरांचा. तो सांकेतिक मजकुराखाली धरून एकेक घर सरकवा. वर-खाली तेच अक्षर आले की ती जागा बाद, कारण अक्षर स्वतःत बदलू शकत नाही. 16 अक्षरे असली की सरासरी 47 टक्के जागा नुसत्या नजरेने बाद होतात. शब्द जितका लांब तितक्या जास्त. उरलेल्या जागांवर 'बॉम्ब' नावाचे यंत्र चक्रांच्या मांडण्या फिरवून विसंगती शोधे, आणि गॉर्डन वेल्चमन यांच्या सुधारणेने ते काम कैक पटींनी झपाट्याने होऊ लागले. हीच खोड एकदा दुसऱ्या टोकाने उपयोगी पडली. इटालियन नौदलाच्या एका निरोपात 'एल' हे अक्षर एकदाही नाही, हे ब्लेचलीच्या मेव्हिस लिव्हर यांनी हेरले. चालकाने खोटा निरोप पाठवताना नुसती 'एल'ची कळ दाबली होती. संपूर्ण मूळ मजकूर हाती आला आणि त्यातून चक्राची जोडणी कळली.

जर्मन नौदलाच्या पाणबुड्या जास्त शिस्तीच्या होत्या. 1 फेब्रुवारी 1942 ला त्यांनी चौथे चक्र आणले आणि ब्लेचलीला अटलांटिकमधले निरोप जवळपास दहा महिने दिसेनासे झाले. 30 ऑक्टोबर 1942 ला बुडत्या यू-559 मधून हवामान-संकेतांचे पुस्तक बाहेर काढताना टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे ब्रिटिश नौसैनिक पाणबुडीबरोबरच गेले. त्या पुस्तकामुळे डिसेंबरात निरोप पुन्हा वाचता आले. ब्लेचलीत काम केलेले इतिहासकार हॅरी हिन्स्ली यांच्या मते या सगळ्यामुळे युद्ध किमान दोन वर्षे लवकर संपले. अशा 'नसते तर'च्या हिशेबाला मोजपट्टी नसते. पण अटलांटिकमधल्या जहाजांचे तांडे पाणबुड्यांच्या टोळ्यांना चुकवून वळवले गेले, याची कागदोपत्री नोंद आहे.

मग न फुटणारी लिपी असते का? असते. मजकुराइतकीच लांब, खरोखर यादृच्छिक आणि एकदाच वापरायची किल्ली असेल तर ती फुटत नाही, हे क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये छापून सिद्ध केले. अट 'एकदाच' ही आहे. ती मोडली की काय होते ते अंकांवर बघा. किल्ली 51947. पहिला मजकूर 28063. हातचा न घेता बेरीज केली की 79900. दुसरा मजकूर 44192, त्याच किल्लीने 95039. आता शत्रूने दोन सांकेतिक ओळींची, उसने न घेता, वजाबाकी केली: 84971. दोन मूळ मजकुरांची वजाबाकी करा, तीही 84971. किल्ली हिशेबातून नाहीशी झाली. उरले दोन भाषिक मजकुरांमधले अंतर. एका ओळीत एक संभाव्य शब्द धरून बघायचा आणि दुसऱ्या ओळीत अर्थपूर्ण तुकडा उमटतो का ते पाहायचे.

30 ऑगस्ट 1941 ला हेच घडले. जर्मन सेनापतींच्या लोरेन्झ यंत्रावर सुमारे 4,000 अक्षरांचा निरोप नीट पोचला नाही, म्हणून चालकाने तीच मांडणी लावून तो पुन्हा पाठवला. जसाच्या तसा पाठवला असता तर वजाबाकी शून्य आली असती आणि काहीच कळले नसते. त्याने कंटाळून शब्दांची लघुरूपे केली. जॉन टिल्टमन यांनी दोन्ही मजकूर सोडवले, आणि बिल टट यांनी त्यातून सुटलेली किल्ली वेगवेगळ्या रुंदीच्या रकान्यांत लिहून 41 च्या आवर्तनावर बोट ठेवले. यंत्र कधीही न पाहता त्याची पूर्ण रचना जानेवारी 1942 पर्यंत कागदावर आली. टॉमी फ्लॉवर्स यांचा कोलॉसस पुढे याच कामासाठी बांधला गेला. सोव्हिएतांनीही 1942 मध्ये एकवार किल्ल्यांची हजारो पाने दुबार छापली. अमेरिकेच्या व्हेनोना प्रकल्पाने त्यातून अणुबॉम्बची माहिती सोव्हिएतांना देणाऱ्या क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञाचा माग काढला.

वायफायच्या पहिल्या सुरक्षेत, म्हणजे वेपमध्ये, तेच पुन्हा झाले. प्रत्येक पॅकेटची किल्ली वेगळी करणारा आकडा फक्त 24 बिटांचा, म्हणजे 1,67,77,216 किमती. आकडे यादृच्छिक निवडले तर सुमारे 4,800 पॅकेटांतच एखादा आकडा दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्मी होते. व्यस्त राउटरवर ही काही सेकंदांची गोष्ट. वेपमध्ये याहून गंभीर दोषही होते आणि 2001 मध्ये ते फोडले गेले.

एक जुनी अडचण मात्र खरेच सुटली: किल्ली पोचवायची कशी? डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मार्ग दाखवला. सगळ्यांना माहीत असलेले आकडे 17 आणि 3. तुमचा गुप्त आकडा 6: 3 चा सहावा घात, 17 ने भागून बाकी 15, ती उघड पाठवा. समोरच्याचा गुप्त आकडा 7: त्याची बाकी 11. तुम्ही 11 चा सहावा घात घ्या, तो 15 चा सातवा घात घेईल. दोघांची बाकी 8 येते. ऐकणाऱ्याकडे 15 आणि 11 आहेत, 8 नाही. प्रत्यक्षात 17 च्या जागी 617 अंकी मूळ संख्या असते आणि उलटा हिशेब आवाक्याबाहेर जातो. हे एकटे वापरले तर पलीकडे कोण बसले आहे ते कळत नाही, फेलिप्सही असू शकतो. म्हणून ब्राउझर सोबत प्रमाणपत्र तपासतो.

शिकायला सुरुवात करायची तर आधी मराठीतला तीनशे अक्षरांचा मजकूर मात्रांसकट बदलून मित्राकडून घ्या आणि हाताने फोडा. मग एकाच किल्लीचे दोन मजकूर घेऊन वजाबाकीचा प्रयोग करा, तो सगळ्यात जास्त शिकवतो. त्यानंतर बाकींचे अंकगणित. प्रोग्रॅममध्ये खरी माहिती झाकायची वेळ आली तर स्वतःचा सायफर रचू नका, लिबसोडियमसारखी तपासलेली प्रोग्रॅम-लायब्ररी घ्या. त्यातल्या एक्सचाचा20-पॉली1305 या सायफरमध्ये एकदाच वापरायचा आकडा 24 बाइटांचा असतो, म्हणून तो प्रत्येक निरोपाला यादृच्छिक निवडला तरी चालतो. एईएस-जीसीएम या दुसऱ्या प्रचलित सायफरमध्ये तो सहसा 12 बाइटांचा असतो. तिथे एका किल्लीखाली फार निरोप जाणार असतील तर मोजणी ठेवा, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ती मोजणी शून्यावर जात नाही ना, हे आधी तपासा.